झाडू स्वयंसेवकांचा, पण कवेलू कोण फेरणार?

राळेगावकर मित्रहो, पोस्ट जरा मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या जुन्या वस्तीचा आहे, फक्त सुरुवात चंद्रपुरातून करावी लागेल. कारण या विषयातलं आपल्या भागातलं सगळ्यात मोठं काम तिथे झालं आहे.

१ मार्च २०१७ रोजी चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बंडू धोतरे यांच्या नेतृत्वात शहराचा गोंडकालीन किल्ला साफ करायला घेतला. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे डोंगर येतो. चंद्रपूरचा किल्ला तसा नाही. तो अख्ख्या जुन्या शहराभोवती बांधलेला दगडी परकोट आहे. लांबी सुमारे ११ किलोमीटर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या. पंधराव्या शतकात गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाने शहर वसवलं, परकोटाचं काम पुढच्या पिढ्यांनी पूर्ण केलं. आजही त्या भिंतीच्या आत माणसं राहतात, दुकानं चालतात, वराती निघतात. म्हणजे हा किल्ला एक जिवंत मोहल्ला आहे.

या भिंतीची अवस्था काय होती, ते चंद्रपूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. बुरुजांवर झाडंझुडपं, पायऱ्यांवर माती, आडोशाला कचरा आणि त्याहून वाईट काय काय. लोक तिकडे फिरकत नव्हते. कुणी गेलंच तर चांगल्या कामासाठी जात नव्हतं. या पोरांनी रोज सकाळी जायचं ठरवलं. कुऱ्हाड, विळा, फावडं, टोपलं. एक दिवस फोटो काढून मोकळं व्हायचं असं केलं नाही. ऑक्टोबर २०१७ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या कामाचा उल्लेख केला, तेव्हा सलग २०० दिवस काम झालेलं होतं. देशभर नाव झालं. आणि नाव झाल्यावरही काम थांबलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पेपरात फोटो आला की अभियान संपलं असं समजायची रीत आहे.

या कामातून घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

पहिली, रोजचं काम. दगडी भिंतीचा खरा शत्रू तोफ नव्हे, पिंपळ आहे. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, चुन्याच्या सांध्यात रुजतं, मूळ जाड होतं आणि दगड सरकतो. दर पावसाळ्यात पुन्हा तेच. म्हणून वर्षातून एकदा स्वच्छता अभियान घेऊन काही होत नाही. भिंतीला दाढी येतेच, ती नेहमी काढावी लागते.

दुसरी, नियमात राहून काम. परकोट केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकावर मनाला येईल तसा हात घालता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. उत्साहाच्या भरात मूळ उपटायला जाल तर सोबत चार दगड येतील. या मंडळींनी पुरातत्त्व विभागाला सोबत घेतलं. झाडी हटल्यावर कुठे भिंत ढासळली, कुठे सांधा उघडा पडला, हे सगळ्यांना दिसायला लागलं. दिसायला लागलं की मग दुरुस्तीची मागणी करता येते. झाडीमागे लपलेल्या भिंतीसाठी निधी कोण मागणार?

तिसरी, माणसं फिरवणं. साफ झालेल्या बुरुजांवर त्यांनी लोकांना, शाळेच्या पोरांना न्यायला सुरुवात केली. ज्या भिंतीला आपण 'तिकडची घाण' म्हणत होतो, ती आपल्या शहराची भिंत आहे हे चंद्रपूरकरांना चालत चालत कळलं. भाषणाने कळलं नसतं. आणि ही भिंत नुसती शोभेची नाही. इरई आणि झरपटला पूर आला की पठाणपुरा दरवाजाकडे पाणी चढतं, तेव्हा परकोट कशासाठी आहे ते आतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. आता अडचणीची बाजू सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय राळेगावचं बोलता येणार नाही.

परकोटाला मालक एक आहे, तो म्हणजे सरकार. भिंत कुणाच्या वाटणीत जात नाही. भिंतीला लेकीचं लग्न काढायचं नसतं. पण त्याच भिंतीच्या सावलीत राहणाऱ्या घरांचं काय? २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुनं घर दुरुस्त करायलाही परवानगी घ्यावी लागते. एकट्या देवळाला हा नियम लावणं सोपं आहे. अकरा किलोमीटरच्या भिंतीला लावा, म्हणजे किती गल्ल्या त्यात येतात याचा हिशेब करा. त्या गल्लीतल्या माणसाला वारसा म्हटलं की आधी कागद, खेटे आणि नकार आठवतो. तो परकोटाच्या विरोधात नसतो. त्याला एक खोली वाढवायची असते.

जटपुरा दरवाजाचंही तसंच. हत्ती-घोड्यांच्या काळातला दरवाजा आणि त्यातून आजची वाहतूक. रोजची कोंडी. तिथे अडकलेल्या मोटरसायकलवाल्याला वारशाचं महत्त्व सांगून बघा!

माझं म्हणणं एवढंच की झाडू स्वयंसेवक मारू शकतात, पण वस्ती टिकवायची असेल तर त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाची सोय बघावी लागते. ही गोष्ट ज्या शहराला कळली तिथे जुने मोहल्ले थोडेफार टिकले. अहमदाबादचं घ्या. तिथल्या पोळांमधली लाकडी घरं. तिथे १९९७ साली महापालिकेने जुन्या शहरातून हेरिटेज वॉक सुरू केला, लोकांना घेऊन रोज सकाळी पायी फेरी. २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जाणारं ते भारतातलं पहिलं शहर ठरलं. पण नुसतं फिरवून घर टिकत नाही हे तिथेही लक्षात आलं. म्हणून वारसा घराच्या मालकाला त्याचे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकता येतील अशी सोय केली गेली. घर पाडलं नाही म्हणून माणूस पूर्ण बुडू नये, हा विचार त्यामागे आहे. आपल्या राज्यात मुंबईने १९९५ मध्येच वारसा नियमावली केली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती जागतिक वारसा झाल्या. त्यामागे तिथल्या रहिवाशांनी आणि संस्थांनी वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा होता.

आता या आपल्या गावात.

कुणी म्हणेल, भाऊ, राळेगावात काय आहे जपायला? ना परकोट, ना पोळ, ना ओव्हल मैदान. आपलं कापसाचं गाव. नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं.

मी म्हणतो, जुन्या गावठाणात एक चक्कर मारा. वर बघत चाला. हा भाग सागवानाचा. म्हणून साध्या शेतकऱ्याच्या घरातही सागाचे खांब, सागाचं मयाल आणि जाड चौकटीचं दार सापडतं. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती. वर कवेलू. समोर सपरी, तिथे पाहुणा बसतो, कापसाचा हिशेब होतो, म्हातारा बाजेवर पडतो. आत माजघर, मागे गोठा, विहीर. या घराला कुठल्या राजाचं नाव नाही. गावातल्याच सुताराने आणि मिस्त्रीने, गावच्याच मातीने ते बांधलं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा स्लॅबच्या खोलीत कूलर लावूनही जीव घाबरतो आणि मातीच्या माजघरात दुपारी डोळा लागतो. ज्यांनी दोन्ही अनुभवलं त्यांना विचारा.

मग ही घरं का पडताहेत? लोकांना अक्कल नाही म्हणून नाही. कारणं रोकडी आहेत.

एक, कवेलू. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी छप्पर फेरावं लागतं. फेरणारा हुशार माणूस लागतो, तो आता शोधून मिळत नाही. मिळाला तरी मजुरी परवडत नाही. आणि फेरून झालं की चार दिवसांनी वानरांचा कळप येतो आणि एका उडीत पन्नास कवेलू फोडून जातो. विदर्भातल्या वास्तुकलेचा सगळ्यात मोठा शत्रू वानर आहे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसेल, पण आपल्याला माहीत आहे. मग माणूस वैतागून टिना टाकतो. टिना टाकल्या की घर तापतं. घर तापलं की स्लॅबचा विचार सुरू होतो.

दोन, उधळी आणि ओल. वेळेवर लक्ष दिलं नाही तर खांबाचा पाय पोकळ होतो.

तीन, वाटण्या. चार भावांत एक वाडा. दोघं नागपूरला, एक पुण्याला, एक इथे. इथे राहणाऱ्याने खर्च करायचा आणि मालकी चौघांची. तो का करेल? आणि सातबारा-नमुना आठवर आजोबाचंच नाव असेल तर विषयच संपला.

चार, घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्याला हे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सरकारी कागदावर मातीच्या भिंतीचं घर म्हणजे 'कच्चं' घर. ते ऐंशी वर्षं उभं असलं तरी कच्चं. आणि चार इंची विटांचं, दहा वर्षांत भेगाळणारं घर मात्र पक्कं. हा शब्द आपल्या डोक्यात इतका बसला आहे की मातीच्या घरात राहतो म्हणायची पोरांना लाज वाटते. लग्नाची स्थळं घर बघूनच परत जातात. घर पाडायचा निर्णय अर्धा तिथेच होतो.

पाच, जुनं सागवान. वाडा उतरला की सगळ्यात आधी लाकूड जातं. कोरीव दार, खांब, कड्या. मालकाला त्यातून चार पैसे मिळतात, अडचणीच्या वेळी ते कामी येतात. पण तेच दार पुढे मोठ्या शहरातल्या हॉटेलात 'गावरान लूक' म्हणून उभं राहतं आणि त्याची किंमत ऐकून आपण तोंडात बोट घालतो.

ही कारणं वाचून तुम्ही म्हणाल, मग जपायचं कसं? आणि मुळात सांगणारे आपण कोण? प्रश्न बरोबर आहे. स्वतः स्लॅबच्या घरात बसून दुसऱ्याला 'तुमचं मातीचं घर पाडू नका, फोटोत छान दिसतं' असं सांगण्याइतकं वाईट काही नाही. ज्या घरात बाईला न्हाणीघर नाही, संडास नाही, पावसात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागतात, त्या घराला वारसा म्हणण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा ते घर राहण्यालायक करायला आपण हात लावू. नाहीतर गप्प बसलेलं बरं.

म्हणून मला वाटतं, चंद्रपूरच्या पोरांची चिकाटी घ्यावी, पण काम थोडं वेगळं करावं. तिथे भिंत साफ करायची होती, इथे घराला मदत करायची आहे.

आपल्या तालुक्यात असं उदाहरण नाही असंही नाही. रावेरीचं सीतामंदिर. सीतेचं एकटीचं मंदिर, सोबत राम नाही. आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहे, गावाने सीतेला गहू दिला नाही आणि तिने शाप दिला. हे मंदिर दुर्लक्षित होतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला. शेतकऱ्याच्या बाईच्या नावावर जमीन करा म्हणून लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन ज्या माणसाने चालवलं, त्याला टाकलेल्या सीतेच्या या देवळात अर्थ दिसला. जुनी वास्तू टिकते ती अशी. आधी कुणाला तरी तिच्यात अर्थ दिसावा लागतो, मग दगड आणि चुना येतो. देवळासाठी गाव एकत्र येतं. घरासाठी यायला काय हरकत आहे?

करता येण्यासारख्या गोष्टी मांडतो. तुम्ही भर घाला, चूक वाटलं तर भांडा.

सगळ्यात आधी यादी. नगरपंचायतीचे सतरा प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागातून दोन पोरंपोरी निघाली तरी चौतीस होतात. मालकाला विचारून, त्याची परवानगी घेऊन, जुन्या घराची नोंद करायची. अंदाजे वय, भिंत कशाची, छप्पर कशाचं, लाकूड कसं आहे, कुठे गळतं, कोण राहतं. फोटो घ्यायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कुणी बांधलं ते लिहून ठेवायचं. याला पैसा लागत नाही. घर उद्या पडलंच तर निदान ते होतं याचा पुरावा राहील. आणि ज्यांनी ते बांधलं त्या सुतार-मिस्त्रींची नावं राहतील, ती आजवर कुणीच लिहिलेली नाहीत.

दुसरं, मे महिन्यातलं काम. कवेलू फेरायचा आठवडा. प्रत्येक वस्तीत एकट्या म्हाताऱ्या बाईचं, अपंग माणसाचं असं एखादं घर असतं. अशा पाच घरांपासून सुरुवात करा. फेरणारे जे दोन-चार जाणते कारागीर उरले आहेत त्यांना पूर्ण मजुरी द्या, वर्गणीतून द्या, आणि त्यांच्या हाताखाली पोरांना शिकू द्या. कारागिराकडून फुकट काम करून घेऊन त्याला समाजसेवा म्हणू नका. त्याची कला टिकली तरच छप्पर टिकेल.

तिसरं, सिमेंटची घाई टाळा. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ती मजबूत झाली असं वाटतं. होतं उलटं. माती ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटने कोंडली की ओल आत राहते, भिंत आतून फुगते आणि एक दिवस गिलाव्यासकट सुटते. मातीला माती, चुन्याला चुना. जुन्या विहिरी, ओटे आणि देवळं दुरुस्त करतानाही हे पाळा. आपण देवळाच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट फासतो आणि वर देणगीदारांची टाइल लावतो, ते जरा आवरा.

चौथं, नगरपंचायत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं हे सांगितलं आहे. ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचं जतन त्यात येतं. म्हणजे हा हौशी लोकांचा विषय नाही, कायद्यातला विषय आहे. आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्या जातात तेव्हा आपण सगळे प्लॉट आणि रस्त्यापुरतं बघतो. त्या वेळी आपली यादी हातात असेल तर रस्ता रुंद करताना कुठली विहीर, कुठला ओटा, कुठली वेस वाचवता येईल हे बोलता येईल. यादीच नसेल तर बोलायला काही उरत नाही. आणि जुन्या घरात मागच्या बाजूला संडास-न्हाणीघर बांधून, पुढची सपरी आणि माजघर ठेवून घर कसं राहण्यालायक करता येईल, हे समजावून सांगायला नगरपंचायतीच्या अभियंत्याने महिन्यातून एक दिवस दिला तरी पुष्कळ.

पाचवं, भावकी. हे काम कुठल्याच संस्थेला जमणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. पुण्या-नागपूरच्या भावांनो, दिवाळीला येता तेव्हा सपरीत बसून सेल्फी काढता. जरूर काढा. पण जाताना कवेलूच्या खर्चातला आपला हिस्सा देऊन जा, किंवा इथे राहणाऱ्या भावाच्या नावाने कागद करून द्या. वाडा पडतो तो बहुतेक वेळा वीज पडून नाही, कोणीच सही न केल्यामुळे पडतो.

सगळी घरं वाचणार नाहीत. काही पडायच्याच लायकीची झाली आहेत, त्यात माणसं राहू देणं धोक्याचं आहे. पावसाळ्याआधी ती रिकामी झालीच पाहिजेत. ज्याला स्लॅबचं घर हवं त्याने ते बांधावं, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. माझं भांडण त्याच्याशी नाही. दुरुस्तीला वीस-पंचवीस हजार आणि दोन माणसं मिळाली असती तर जे घर अजून एक पिढी उभं राहिलं असतं, ते घर कुणीच विचारलं नाही म्हणून पाडावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. मालकालाही वाईट वाटत असतं, तो बोलून दाखवत नाही एवढंच.

चंद्रपूर आपल्याला दूर नाही. वडकी, करंजी, वणी करत सकाळी निघालं तर दिवसात परत येता येतं. पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी आठ-दहा जणांनी जाऊन परकोटावर फिरून यावं आणि काम करणाऱ्यांशी बोलून यावं असा विचार आहे. ज्यांना यायचं त्यांनी खाली लिहा.

आणि ज्यांच्या घरी अजून मातीची भिंत, सागाचा खांब आणि कवेलू आहे, त्यांनी घरातल्या मोठ्या माणसाला विचारून एवढं सांगा: घर अंदाजे कधीचं, कुणी बांधलं, आणि आज सगळ्यात जास्त अडचण कशाची आहे? पूर्ण पत्ता टाकू नका, प्रभाग सांगितला तरी चालेल. फोटो नसला तरी चालेल. अडचण मात्र नक्की लिहा, आपली यादी तिथूनच सुरू करू.